गवत वाकले आणि बंदूक बदलली

१८८९ सालच्या शरद ऋतूतली गोष्ट. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या युटा प्रांतात ऑग्डेन नावाच्या गावाबाहेर काही हौशी नेमबाज जमले होते. एकजण गोळी झाडत होता, बाकीचे आपली पाळी येण्याची वाट पाहत उभे होते. प्रत्येक बाराबरोबर नळीच्या तोंडापुढचे उंच गवत आडवे होई आणि क्षणात पुन्हा उभे राही. बंदुका अस्तित्वात आल्यापासून हे दृश्य लाखो लोकांनी पाहिले असेल. त्या दिवशी पाहणाऱ्यांत जॉन मोझेस ब्राऊनिंग होता. गवत गोळीने वाकत नव्हते. गोळीच्या मागोमाग नळीतून सुटणाऱ्या तप्त वायूच्या झोताने वाकत होते. म्हणजे दर बाराला एवढी ताकद फुकट हवेत जात होती. ती कामाला लावली तर? आपल्या भावांना घेऊन तो नेमबाजी अर्धवट सोडून कारखान्यात परतला.

आज शिकारीसाठी आणि नेमबाजीसाठी जी अर्धस्वयंचलित रायफल वापरली जाते, तिची कुळकथा या गवतापाशी येऊन पोहोचते. अर्धस्वयंचलित म्हणजे काय, हे आधी सांगून टाकू, कारण वर्तमानपत्रांतही यात गोंधळ होतो. चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. पण रिकामे काडतूस बाहेर फेकणे, नवे आत सरकवणे आणि घोडा पुन्हा चढवणे ही कामे बंदूक स्वतः करते. चाप दाबून धरल्यावर गोळ्यांची सरबत्ती सुरू राहिली, तर ती पूर्ण स्वयंचलित, म्हणजे मशीनगन. हा फरक यंत्रातल्या एखाद्या छोट्या भागाचा असतो, आणि ब्राऊनिंगच्या आयुष्यात शिकार आणि युद्ध यांच्यामधले अंतरही जवळपास तेवढेच होते.

त्याचा जन्म जानेवारी १८५५मध्ये ऑग्डेनला झाला. वडील जोनाथन ब्राऊनिंग हे बंदूक दुरुस्त करणारे कारागीर. मॉर्मन पंथाचे अनुयायी म्हणून ते स्थलांतर करत करत युटाला येऊन स्थिरावले होते. त्या पंथात तेव्हा बहुपत्नीत्वाची चाल होती. जोनाथन यांच्या तीन बायका आणि बावीस मुले होती. एवढ्या मोठ्या घरात खेळणी कुठून येणार? जॉनची खेळणी म्हणजे वडिलांच्या दुकानातले भंगार. वयाच्या दहाव्या वर्षाच्या आसपास त्याने मोडक्या नळीचा तुकडा, लाकडाची फळी आणि तार जमवून एक ओबडधोबड बंदूक बनवली आणि धाकट्या भावाला, मॅटला, बरोबर घेऊन माळावरचे पक्षी मारून आणले. पक्षी घरी शिजले, वडिलांनी बंदूक मात्र नापसंतीने पाहिली. त्या वयातल्या मुलाकडून त्यांना अधिक नीट कामाची अपेक्षा होती म्हणे!

शाळा पंधराव्या वर्षाच्या सुमारास संपली. कागदावर रेखाटन करून मग यंत्र बनवण्याचे शिक्षण त्याला कधीच मिळाले नाही. यंत्राचे भाग डोक्यातच एकमेकांत बसवून पाहायचे, तपकिरी कागदावर चार रेघा ओढायच्या, पत्र्याचा साचा कापायचा आणि सरळ लोखंड घासायला घ्यायचे, ही त्याची पद्धत. पुढे मोठमोठ्या कारखान्यांतले अभियंते त्याने हाताने घडवलेला नमुना समोर ठेवून त्यावरून आराखडे काढत.

१८७९ हे वर्ष त्याच्यासाठी धांदलीचे होते. लग्न झाले, वडील वारले आणि एकबारी रायफलीचे पहिले पेटंट मिळाले, हे सगळे त्याच वर्षात. भावांनी मिळून छोटा कारखाना काढला आणि त्या रायफली सुमारे सहाशेच्या संख्येने बनवून विकल्या. यातली एक विंचेस्टर कंपनीच्या फिरत्या विक्रेत्याच्या हाती पडली. कंपनीचा उपाध्यक्ष टी. जी. बेनेट १८८३मध्ये आगगाडीने थेट ऑग्डेनला आला, आणि आठ हजार डॉलर देऊन हक्क घेऊन गेला. पुढची जवळजवळ एकोणीस वर्षे विंचेस्टरच्या नव्या बंदुकांमागे बहुतेक वेळा हाच कारागीर होता. हिंदी-इंग्रजी सिनेमांतल्या काउबॉयच्या हातात जी खाली कडीवजा दांडा असलेली रायफल दिसते, त्यातली सर्वांत लोकप्रिय १८९४ची. हरणाच्या शिकारीसाठी अमेरिकेत ती घरोघरी पोहोचली.

आता पुन्हा त्या गवताकडे. कारखान्यात परतल्यावर भावंडांनी लोखंडाचा एक जाड तुकडा घेतला, त्याला गोळी जाईल एवढे भोक पाडले आणि तो नळीच्या तोंडापुढे ठेवून लांबून चाप ओढला. गोळी भोकातून गेली, पण मागच्या वायूने लोखंडाचा तुकडा उडवून लावला. पुरावा मिळाला. मग त्यांनी एका जुन्या विंचेस्टर रायफलीच्या तोंडाशी भोक असलेली एक झडप बसवली आणि ती दांड्याने मागच्या कडीला जोडली. वायूने झडप पुढे ढकलली की कडी आपोआप उघडायची, स्प्रिंगने परत मिटायची. वायूच्या जोरावर चालणाऱ्या बंदुकीचा हा जन्म. पेटंटचा अर्ज जानेवारी १८९०मध्ये गेला आणि त्यातून कोल्ट कंपनीची १८९५ची मशीनगन तयार झाली.

यातले विज्ञान समजून घेण्यासारखे आहे. चाप ओढल्यावर काडतुसातली दारू जळते आणि नळीत प्रचंड दाब तयार होतो. तो थोडाथोडका नव्हे, तर जुन्या हरणमारी काडतुसात वातावरणाच्या दाबाच्या सुमारे तीन हजार पट आणि आजच्या काही मॅग्नम काडतुसांत चार हजार पटींच्याही वर. गोळी साधारण सहस्रांश-सव्वा सहस्रांश सेकंदात नळीबाहेर पडते. तेवढा वेळ मागचे दार, म्हणजे बोल्ट, घट्ट बंद राहायलाच हवे. ते आधी उघडले तर पितळेचे काडतूस फाटते आणि तप्त वायू सरळ नेमबाजाच्या चेहऱ्यावर येतो. उशिरा, पण पुरेशा जोराने उघडले तर काम फत्ते. स्वयंचलित बंदुकीची सगळी करामत या विलंबात आहे.

हा विलंब साधण्याचे तीन मार्ग, आणि ब्राऊनिंगने तिन्ही वापरले. लहान काडतूस असेल तर बोल्टचे वजन आणि स्प्रिंग एवढ्यावर भागते. बोल्ट जड असल्याने हलायला वेळ लागतो. ताकदवान काडतुसासाठी नळी आणि बोल्ट एकमेकांत अडकवून दोन्ही मिळून मागे सरकू द्यायचे आणि दाब ओसरला की सोडवायचे, हा दुसरा मार्ग. तिसरा वायूचा, गवताने शिकवलेला.

दुसऱ्या मार्गाने त्याने १८९८च्या सुमारास छर्ऱ्यांची अर्धस्वयंचलित बंदूक तयार केली. पक्ष्यांच्या शिकारीसाठी. त्यात एक मजेदार अडचण होती. हलके काडतूस वापरले तर यंत्र पुरते मागे जात नसे, जड वापरले तर जोरात आपटून मोडतोड होई. ब्राऊनिंगने मॅगझिनच्या नळीभोवती घर्षणाची कडी घातली. काडतूस जड असेल तर कडीची रचना अशी बदलायची की ब्रेक जास्त लागेल. सायकलच्या ब्रेकसारखीच कल्पना. हे काम त्याला मशीनगनपेक्षाही अवघड गेले असे त्याच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे, आणि यंत्र उघडून पाहिले तर ते पटते.

या बंदुकीवरून विंचेस्टरशी बिनसले. आतापर्यंत तो हक्क एकरकमी विकत असे. या वेळी त्याला विक्रीवर टक्केवारी हवी होती. ही चीज खपणार याची त्याला खात्री होती. बेनेटने टाळाटाळ केली. १९०२च्या जानेवारीत ब्राऊनिंग रेमिंग्टन कंपनीच्या अध्यक्षांना, मार्सेलस हार्टली यांना, भेटायला गेला. बाहेरच्या खोलीत वाट पाहत असतानाच हार्टली यांना हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले. बंदूक बगलेत मारून ब्राऊनिंगने बोटीने बेल्जियम गाठले. लिएजजवळच्या एफएन कारखान्याशी त्याचा पिस्तुलांच्या निमित्ताने आधीच संबंध होता. करार झाला, पहिल्याच खेपेला दहा हजार बंदुकांची मागणी गेली. ‘ऑटो-फाइव्ह’ या नावाने ओळखली जाणारी ही बंदूक १९९८पर्यंत, म्हणजे जवळपास शंभर वर्षे बनत राहिली. रेमिंग्टननेही पुढे तिचा परवाना घेतलाच. शिवाय त्यांनी १९०६मध्ये ब्राऊनिंगची अर्धस्वयंचलित शिकारी रायफल बाजारात आणली, ‘मॉडेल एट’. हरीण, अस्वल अशा मोठ्या प्राण्यांसाठी चालेल अशी, अमेरिकेत खऱ्या अर्थाने यशस्वी झालेली ही पहिली अर्धस्वयंचलित रायफल.

सगळ्यांनी तिचे स्वागत केले असे नाही. पेनसिल्व्हेनिया राज्याने १९०७मध्येच स्वयंचलित बंदुकांनी शिकार करण्यावर बंदी घातली आणि ती शंभरहून अधिक वर्षे टिकली. पाच बार लागोपाठ काढता आले की पक्ष्यांचा थवा उरणार कसा, असा साधा हिशेब होता. १९३५मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने बदकांसारख्या स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीत बंदुकीत तीनपेक्षा जास्त काडतुसे मावू नयेत असा नियम केला. तेव्हापासून ऑटो-फाइव्हच्या पोटात लाकडाची खुंटी घालून जागा कमी करावी लागे. माझ्या मते हा नियम बंदुकांच्या इतिहासातल्या शहाण्या नियमांपैकी एक आहे. आपल्याकडे तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारच बंद केली, आणि अर्धस्वयंचलित रायफल सर्वसामान्य माणसाला परवान्यावर मिळत नाही.

‘मॅग्नम’ हा शब्द वर आला. मूळ लॅटिन, अर्थ ‘मोठा’. शॅम्पेनच्या मोठ्या बाटलीला मॅग्नम म्हणतात, तिथून तो इंग्रज बंदूकवाल्यांनी उचलला. त्याच व्यासाच्या गोळीमागे नेहमीपेक्षा जास्त दारू भरलेले मोठे काडतूस, एवढाच त्याचा अर्थ. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने १९१२मध्ये काढलेले .३७५ मॅग्नम आफ्रिकेत म्हैस आणि हत्तीच्या शिकारीत गाजले. १९६०च्या दशकात अमेरिकेत मॅग्नमची लाट आली. ब्राऊनिंगच्या काळच्या हरणमारी .३०-३० काडतुसाची गोळी सेकंदाला सुमारे ६७० मीटर वेगाने सुटते, ऊर्जा अडीच हजार ज्यूल. जवळपास तेवढ्याच वजनाची .३०० विंचेस्टर मॅग्नमची गोळी ९०० मीटरने सुटते आणि ऊर्जा पावणेपाच हजारांच्या घरात जाते. वेग तिसऱ्या हिश्शाने वाढला, पण ऊर्जा जवळपास दुप्पट झाली, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

याची किंमत खांद्याला मोजावी लागते. साडेतीन किलोच्या रायफलीतून ही मॅग्नम गोळी झाडली की मागे येणारा संवेग ताशी १४० किलोमीटरने आलेल्या क्रिकेटच्या चेंडूच्या अडीच पटींच्या आसपास भरतो. अर्धस्वयंचलित बंदुकीत धक्का कमी असतो असे लोक म्हणतात. न्यूटनला विचारले तर तो नाही म्हणेल. वजन तेवढेच असेल तर एकूण संवेग तेवढाच. फरक वेळेचा आहे. बोल्ट आणि स्प्रिंग मध्ये आल्याने तोच धक्का थोड्या जास्त काळात पसरतो आणि खांद्याला ठोसा न वाटता ढकलल्यासारखे वाटते. झेल घेताना हात मागे नेतो, तसेच.

गंमत म्हणजे गोळी नळीबाहेर पडेपर्यंत रायफल जेमतेम दोन-तीन मिलिमीटर मागे सरकलेली असते. आवाजाने दचकून पापणी मिटायलाही सेकंदाचे काही शतांश लागतात. तोवर गोळी बरीच पुढे गेलेली असते. मग जोरदार रायफलीने नेम का चुकतो? माणूस धक्क्याने चुकत नाही, धक्क्याच्या अपेक्षेने चुकतो. दोन-चार वेळा खांदा दुखला की मेंदू पुढच्या वेळी चाप ओढण्याआधीच खांदा आखडतो, डोळे मिटतो. प्रशिक्षक यावर एक जुना उपाय करतात. नकळत बंदुकीत रिकामे काडतूस घालून देतात. बार उडत नाही, पण नळी खाली झुकलेली सर्वांना दिसते.

कानाचे दुखणे याहून गंभीर. रायफलीचा आवाज नेमबाजाच्या कानाशी साधारण १६० डेसिबलच्या आसपास जातो. १४० डेसिबलच्या वरचा एकच स्फोट कायमची हानी करू शकतो आणि दर दहा डेसिबलला ध्वनीची तीव्रता दसपट होते. तुलना करायची तर आपल्याकडे फटाक्यांना चार मीटर अंतरावर १२५ डेसिबलची मर्यादा आहे. आतल्या कानातल्या केसासारख्या सूक्ष्म पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आधी उंच स्वर जातात. स, श, फ ही अक्षरे निसटू लागतात, समोरचा बोलतो ते ऐकू येते पण कळत नाही. उजव्या हाताने नेम धरणाऱ्याचा डावा कान जास्त बिघडतो, कारण तो नळीच्या तोंडाकडे असतो आणि उजव्या कानाला डोक्याची आडोशासारखी सावली मिळते. ब्राऊनिंगच्या पिढीत कानात फार तर कापूस घालत. आज मैदानावर कर्णरक्षकाशिवाय उभे राहू देत नाहीत. पण मॅग्नमचा धक्का कमी करण्यासाठी नळीच्या तोंडाला भोके पाडलेला जो ब्रेक लावतात, तो तोच वायू बाजूला वळवतो आणि आवाज नेमबाजाकडे व शेजाऱ्याकडे फेकतो. खांदा वाचतो, कान जातो. ज्यांना छंद आहे त्यांनी कानात बोळे आणि वर झाकणे, दोन्ही वापरावीत.

आणखी एक गोष्ट ताटातली. अतिवेगवान शिशाची गोळी मांसात शिरल्यावर फुटते आणि तिचे कण जखमेपासून बरेच दूर पसरतात. शिसे मेंदूला, विशेषतः मुलांच्या मेंदूला, घातक. शिकारीचे अवशेष खाणाऱ्या गिधाडवर्गीय कॉन्डर पक्ष्यांना त्याची विषबाधा होते, म्हणून कॅलिफोर्नियाने २०१९पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या बंद केल्या. पाणपक्ष्यांसाठी शिशाचे छर्रे अमेरिकाभर १९९१पासूनच बंद आहेत. पोलादी छर्रे वजनाला हलके, त्यामुळे वेग लवकर गमावतात. भरपाईसाठी अधिक लांब मॅग्नम काडतुसे आली, आणि धक्का पुन्हा वाढला.

ब्राऊनिंगकडे परत येऊ. १९१४मध्ये साराजेव्होला आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडवर ज्या पिस्तुलातून गोळ्या सुटल्या, ते त्याच्याच रचनेचे, एफएनने बनवलेले होते. त्याच वर्षी बेल्जियमच्या राजाने त्याला सरदारकीचा किताब दिला होता. महायुद्धात अमेरिका उतरली तेव्हा तिच्याकडे धड मशीनगन नव्हती. १९१७च्या मे महिन्यात ब्राऊनिंगच्या गनने चाचणीत वीस हजार गोळ्या न अडखळता झाडल्या आणि पाठोपाठ आणखी वीस हजार. सरकारने हक्कांसाठी साडेसात लाख डॉलर देऊ केले. टक्केवारी मागितली असती तर कितीतरी पट मिळाले असते. त्याने घासाघीस केली नाही. विंचेस्टरशी टक्केवारीवरून फारकत घेणारा माणूस हाच. त्याला पैशाचा हिशेब कळत होता आणि कुठे तो करायचा नाही हेही. त्याच्या हत्यारांनी किती माणसे मेली, हा प्रश्न त्याच्या चरित्रांत मला फारसा भेटत नाही. तो स्वतः शिकारीत आणि नेमबाजीच्या स्पर्धांत रमणारा, बोलायला कमी. ऑग्डेनच्या चार नेमबाजांचा एक गाजलेला संघ होता, चौघांचीही आडनावे ‘बी’ अक्षराने सुरू होणारी. त्यात तो आणि मॅट दोघे होते.

एकूण १२८ पेटंटे त्याच्या नावावर जमा झाली. उतारवयातही तो अटलांटिक ओलांडून लिएजला जाऊन राहत असे. तिथले कारागीर त्याला उस्ताद म्हणत. २६ नोव्हेंबर १९२६ रोजी कारखान्यात काम करत असताना त्याला अस्वस्थ वाटू लागले. मुलगा व्हॅल याच्या कचेरीत तो आडवा झाला आणि हृदय बंद पडून गेला. वय ७१. त्या काळी अशा वेळी डॉक्टरच्या हातात फारसे काही नव्हते. हृदयाचा विद्युत् आलेख काढता येत असला तरी थांबलेले हृदय पुन्हा सुरू करण्याची साधने यायला अजून काही दशके होती. पार्थिव ऑग्डेनला आणले गेले आणि लष्करी इतमामात दफन झाले.

टेबलावर दोन कामे अर्धी राहिली होती. एकावर एक नळ्या असलेली छर्ऱ्यांची बंदूक व्हॅलने पुरी केली. पिस्तुलाचे काम बेल्जियन अभियंता द्युदोने सेव्ह याने बरेच बदल करून १९३५मध्ये संपवले. ते ‘हाय-पॉवर’. हे पिस्तूल आपल्याकडे इच्छापूरच्या रायफल कारखान्यात परवान्याने बनते आणि भारतीय लष्कर व पोलिसांच्या कमरेला अनेक दशके दिसत आले आहे.

वायूची कल्पना मात्र ब्राऊनिंग नावाच्या शिकारी रायफलीत यायला वेळ लागला. व्हॅलचा मुलगा ब्रूस याने १९६७मध्ये ती आणली. बोल्टला सात दाते, ते नळीत फिरून घट्ट बसतात, म्हणून मॅग्नम काडतुसाचाही दाब सोसतात. साध्या काडतुसांची मॅगझिनमध्ये चार मावतात, मॅग्नमची तीन. नळीला खालच्या बाजूने एक बारीक भोक आहे. गोळी त्या भोकापुढे गेली की थोडासा वायू त्यातून खाली उतरतो आणि दट्ट्या मागे ढकलतो.